चौतीस क्रमांकाची पाळी

इंदूने भोपाळची दोन तिकिटे काढली, ती मला न विचारता. अठरा जानेवारी, कोपरगाव स्टेशन, दुपारची गाडी. आमचा मुलगा अवधूत तिकडे नोकरीला असतो. त्याची पत्नी फेब्रुवारीत पुन्हा कामावर रुजू होणार होती आणि दीड वर्षाच्या नातीजवळ निदान जूनपर्यंत घरचे माणूस हवे होते. तिकिटांचा कागद इंदूने माझ्या चष्म्याच्या डबीखाली ठेवला.

"या खेपेला मी विचारत नाहीये, कळवतेय," ती म्हणाली. "नात चालायला लागली ते आपण मोबाईलवर पाहिलं. आता बोलायला लागेल तेही मोबाईलवरच ऐकायचं का?"

"जानेवारीत आवर्तन सुटतंय," मी म्हणालो.

"ते दर जानेवारीत सुटतं. मग मार्चमध्ये, एप्रिलमध्ये, मेमध्ये. अकरा वर्षांत आपण लग्नकार्याला म्हणून गावाबाहेर राहिलो ते सलग चार दिवस. तेही तुमच्या मावशींच्या नातवाचं लग्न होतं म्हणून."

इंदूने मनाशी हिशेब ठेवला होता आणि तो बरोबर होता.

आवर्तन म्हणजे काय, ते आधी सांगतो. कालव्याचे पाणी बारमाही नसते. वर्षातून चार-पाच वेळा ते सोडले जाते. अशा प्रत्येक खेपेला आवर्तन म्हणतात. पाणी चारीला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या कालव्याच्या फाट्याला येण्यापूर्वी, ते कोणाच्या शेतात किती वाजता वळवायचे याचा तक्ता शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेला काढावा लागतो. पूर्वी तो हाताने निघे आणि दर वेळी भांडणे होत. तंत्रनिकेतनातल्या एकोणतीस वर्षांच्या अध्यापनानंतर मी कोपरगावी स्थायिक झालो, तेव्हा या कामासाठी 'शेजपाळी' नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. त्यात नियम दोनच होते. पाणी चारीच्या शेवटच्या शेतापासून सुरू होऊन वर सरकत यावे. आणि प्रत्येक आवर्तनात सुरुवातीची वेळ बारा तासांनी पुढे जावी, म्हणजे ज्याची पाळी या वेळी रात्री आली त्याची पुढच्या वेळी दिवसा येईल.

प्रोग्रॅमचा मूळ मजकूर मी सर्वांसाठी खुला ठेवला. ज्याला इच्छा असेल त्याने तो वाचावा, बदलावा, विनामूल्य वापरावा. परंतु मूळ मजकूर तसाच्या तसा चालत नाही. आधी त्याची बांधणी करावी लागते. मजकुराचे यंत्रभाषेत रूपांतर करायचे, त्याला लागणारी इतरांनी तयार केलेली लहानमोठी साधने जोडायची आणि सगळे एका फाईलीत अशा रीतीने भरायचे की संस्थेच्या सचिवाने पेनड्राईव्ह लावून दोनदा क्लिक केले की काम सुरू व्हावे. त्या काळी संस्थांच्या कार्यालयांत इंटरनेट नव्हते, म्हणून सभासदांची यादीही मी याच फाईलीत बांधून देत असे. यादी दर वेळी थोडी बदले. त्यामुळे प्रत्येक आवर्तनाच्या आधी चौदा संस्थांसाठी चौदा फायली नव्याने बांधाव्या लागत आणि त्या आमच्या घराच्या मागच्या खोलीतल्या एकाच संगणकावर बांधल्या जात. त्या संगणकाला मी कोणाला हात लावू देत नसे. दुसरीकडे बांधणी होत नाही, प्रोग्रॅमला या जुन्या यंत्राची सवय झाली आहे, असे मी सांगत असे. लोकांना ते पटे, कारण पुष्कळांच्या मळ्यात असे एखादे इंजिन असते, जे घरातल्या एकाच माणसाच्या हाताने सुरू होते.

खरे कारण असे होते.

सातव्या चारीवर एकतीस क्रमांकाची दीड एकर जमीन चांगुणाबाईंची. अकरा वर्षांपूर्वी, नवरा जाऊन सहा महिने झालेले असताना, रात्रीच्या पाळीला दारे धरताना, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवताना, त्या चारीत पडल्या. हाताला प्लास्टर घातलेल्या अवस्थेत त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"सर, तुमच्या कंप्युटरला सांगा की, हिला रातची पाळी देऊ नको म्हनावं. हात बरा व्हईस्तवर."

मला ते पंधरा मिनिटांत जमले. चौतीस क्रमांक गहिनीनाथ यांचा. त्यांचीही जमीन दीड एकरच. एकतीसपासून तेहतीसपर्यंत प्रत्येकाला चार-चार तास पाणी, म्हणजे एकतीस आणि चौतीस यांच्या पाळ्यांत बरोबर बारा तासांचे अंतर. एकाकडे रात्र असताना दुसऱ्याकडे दिवस. मी एक ओळ लिहिली. चांगुणाबाईंची पाळी रात्री आली तर ती गहिनीनाथांच्या पाळीशी बदलावी; दिवसा आली तर काही करू नये. इतर कोणाच्या वेळेत एका मिनिटाचाही फरक पडत नव्हता. ही ओळ खुल्या मजकुरात घातली असती तर दुसऱ्या दिवशी दहा जण हात गळ्यात बांधून आले असते. म्हणून मी ती बांधणीच्या आज्ञांमध्ये घातली. त्या आज्ञा फक्त माझ्या यंत्रावर होत्या.

चांगुणाबाईंचा हात दीड महिन्यात बरा झाला. ओळ तशीच राहिली.

पहिल्या वर्षी ती काढायचे मी विसरलो. दुसऱ्या वर्षी आठवले, पण तेव्हा काढली असती तर आता दिवसाची पाळी कशी आली, असे गहिनीनाथांनी विचारले असते. तिसऱ्या वर्षापासून त्या ओळीवरून नजर पुढे नेण्याची सवय लागली. प्रयोगवहीत जे लिहिलेले नाही ते प्रयोगात केलेले नसावे, असे मी वर्गात शिकवत आलो होतो. वही उघडी होती, आणि जे केले जात होते ते वहीत नव्हते. यंत्र दुसऱ्या कोणाच्या हाती देणे म्हणजे ती ओळ हाती देणे. ज्या खोलीला मी बाहेरच्यांसाठी कुलूप लावले, तिच्या आत मी होतो.

पाच जानेवारीला माझी भाची मनवा संगमनेरहून आली. ती एका कंपनीचे काम घरून करते आणि फावल्या वेळात एका स्वयंसेवी गटात असते. मुक्त सॉफ्टवेअर सामान्य माणसाला सहज बसवता यावे म्हणून त्याची पॅकेजेस तयार करणे, हे त्या गटाचे काम. इंदूनेच तिला बोलावून घेतले होते.

"मामा, मामी म्हणते एका डब्यानं तुम्हाला दावणीला बांधलंय," मागच्या खोलीच्या दारात उभी राहून ती म्हणाली. "हाच का तो?"

"हळू बोल. त्याला ऐकू जातं," इंदू स्वयंपाकघरातून म्हणाली.

मनवाने लॅपटॉप उघडून मला तिची पद्धत समजावून सांगितली. एक साधी फाईल लिहायची. मूळ मजकूर कुठून घ्यायचा, कोणती साधने, कोणत्या आवृत्तीची, कोणत्या क्रमाने जोडायची, एवढेच त्या फाईलीत असते. बाकीचे काम एक बांधणीसाधन करते. ते प्रत्येक वेळी कोरे वातावरण उभे करते, फाईलीत नोंदवलेल्या वस्तू तेवढ्या आत घेते, बांधणी करते, तयार पॅकेज बाहेर ठेवते आणि आतले सगळे पुसून टाकते. शिक्षक म्हणून मला ते फार आवडले. साहित्य, कृती, निष्कर्ष, असे आमच्या प्रयोगवहीचे तीन भाग असत, आणि येथे वहीच प्रयोग करत होती.

"म्हणजे नोंदीत नाही ते आत शिरूच शकत नाही," मी म्हणालो.

"तीच तर गंमत आहे."

मी चहा आणतो असे सांगून उठलो.

तिने परीक्षाही ठरवून टाकली. माझ्या यंत्रावर बांधलेली फाईल आणि तिच्या साधनाने बांधलेली फाईल अक्षरन्‌अक्षर सारखी आली पाहिजे. ती तपासायला प्रत्येक फाईलीचा चौसष्ट अक्षरांचा हॅश काढतात, जसा माणसाचा अंगठा घेतात तसा. फाईलीत एक टिंब बदलले तरी सगळा हॅश बदलतो. दोन्हीकडचे हॅश जुळले की काम संपले.

"मग तुम्ही भोपाळला असा नाहीतर चंद्रावर," ती म्हणाली. "संस्थेचा सचिवसुद्धा चहा पिता पिता फाईल बांधेल."

दोन दिवस ती त्या खोलीत बसून होती. माझ्या यंत्रावरील साधनांच्या जुन्या आवृत्त्या तिने शोधून काढल्या, फायलींवर उमटणाऱ्या तारखा एकसारख्या केल्या. सात तारखेच्या संध्याकाळपर्यंत तेरा संस्थांचे हॅश जुळले. चौदाव्या संस्थेचा जुळत नव्हता. ती आमचीच संस्था होती.

"विचित्र आहे," मनवा म्हणाली. "तेरा जुळतात आणि एकच नाही. मामा, या संस्थेसाठी काही वेगळं करता का?"

तेव्हा सांगता आले असते. खोलीत आम्ही दोघेच होतो आणि ती माझ्याकडे पाहतही नव्हती. मी म्हणालो, "त्या संस्थेची बांधणी पूर्वी दुसऱ्या एका जुन्या कंपायलरवर होत असे. त्याचा काही अवशेष राहिला असेल."

असा दुसरा कंपायलर, म्हणजे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, कधी नव्हताच. मनवाने त्याच्या शोधात आठ तारखेचा पूर्ण दिवस घालवला. मधूनमधून ती मला आवृत्तीचा क्रमांक विचारत असे आणि मी आठवल्यासारखे करून एखादा क्रमांक सांगत असे. बाहेर इंदू दोन बॅगा भरत होती. लोणच्याच्या बरणीला तिने तीन पदरी प्लास्टिक गुंडाळले. माझे स्वेटर काढून तिने मला विचारले, "हा न्यायचा की तो?" मी म्हणालो, "दोन्ही ने."

नऊ तारखेला सकाळी मनवाने सांगितले, "आता अंदाज पुरे. दोन्ही फायली उसवून शेजारी शेजारी ठेवते. कुठला टाका वेगळा आहे ते तुलना करणारा प्रोग्रॅम दाखवेल."

मी तिच्या मागे खुर्चीत बसलो. माझ्या पायाशी यंत्राच्या वीजपुरवठ्याचे बटण होते. ते पायाने दाबता येईल, हे मला कळत होते; त्याने काहीही साधणार नाही, हेही कळत होते, कारण दोन्ही फायली तिच्या लॅपटॉपवर गेल्या होत्या. पडद्यावर डावीकडे आणि उजवीकडे ओळी सरकत राहिल्या, सगळ्या सारख्या. मग एका जागी उजवी बाजू रिकामी राहिली आणि डावीकडे, माझ्या एका ओळीच्या यंत्राने केलेल्या चार ओळी लाल झाल्या.

मनवाने त्या दोनदा वाचल्या असाव्यात. नंतर खुर्ची न वळवता तिने विचारले, "मामा, एकतीस आणि चौतीस कोण आहेत?"

मी सांगितले. प्लास्टरपासून आजपर्यंत, क्रमाने, काही न गाळता. सांगताना मला जाणवले की मी व्याख्यान देतो त्याच आवाजात बोलत आहे.

"आणि काल दिवसभर मला कंपायलर शोधायला लावलंत," ती म्हणाली.

"हो."

"तीन पॉइंट चार. तुम्ही आवृत्तीसुद्धा सांगितलीत."

"मनवा, ती ओळ मी आत्ता काढतो. हॅश जुळेल. बारा तारखेच्या बैठकीच्या आत चौदाही तयार होतील."

"जुळेल. पण फाईलीच्या खाली मी माझं नाव लिहिते, तिथे असं म्हटलेलं असतं की हे पॅकेज या खुल्या मजकुरातूनच निघालंय. अकरा वर्षं तसं नव्हतं. काय बदललं ते बदलांच्या नोंदीत लिहावं लागेल, आणि ती नोंद कुणीही वाचू शकतं."

"या गावात कोण वाचणार आहे?"

तिने आता खुर्ची माझ्याकडे वळवली. आपण काय बोललो ते माझ्याही लक्षात आले.

"आधी गहिनीनाथांना तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मग मी लिहिते."

मी स्कूटर काढली आणि आधी चांगुणाबाईंकडे गेलो. गहिनीनाथांना सांगण्याआधी, ज्यांच्यासाठी हे केले त्यांना विचारले पाहिजे, असे कारण मी स्वतःला दिले. खरे तर मला एक दिवस पुढे ढकलायचा होता. चांगुणाबाई अंगणात लाल कांद्याची पात कापत बसल्या होत्या.

"तुमची रात्रीची पाळी पुन्हा सुरू होईल," मी म्हणालो. "मला ती व्यवस्था मोडावी लागतेय."

"मोडा की," त्या म्हणाल्या. "जिमीन चार वर्सं झाली पुतन्याला वाट्यानं दिलीया. त्यो तसाबी रातभर मोबाईल बघत जागाच आस्तो. तेवढं पानी तरी धरंल."

"चार वर्षं? मग मला कळवलं नाहीत?"

"तुमी कदी इचारलं? मला वाटलं, सरांनी दिलंय ते कायमचंच दिलंय. दिलेलं परत करायला कोन जातं का?" त्यांनी हाताने कांदे बाजूला सारून मला बसायला जागा केली. "च्या घेता?"

मी चहा घेतला. नाही म्हणायला तोंड नव्हते.

गहिनीनाथ बांधाकडेला जनावरांसाठी घास कापत होते. साठीच्या आसपासचा, उंच, फारसे न बोलणारा मनुष्य. मी उभ्यानेच सगळे सांगितले. त्यांनी विळा खाली ठेवला नाही. ऐकता ऐकता मुठी मुठीने कापत राहिले. माझे बोलणे संपल्यावर त्यांनी पेंढी बांधली आणि त्यावर बसले.

"पयल्या दोन-तीन टायमाला वाटलं, काय तरी चुकलं आसंल," ते म्हणाले. "सचिवाला इचारलं. त्यो म्हनला, कंप्युटरनं काढलंय. मग म्हनलं, बरोबरच आसंल. मानूस आसता तर भांडलो आस्तो, सर. कंप्युटर कुनाचा सोयरा न्हाई, म्हनून गप बसलो."

"माझी चूक आहे."

"त्यो तुमचा सोयरा निघाला."

त्यांनी घासाची एक काडी उचलून दातात धरली.

"लेकीचं लगीन ठरलं तवा सोयरी मानसं जेवायला बसली आन म्या तितंच बसल्या बसल्या झोपलो. आदल्या रातची पाळी. समदी हसली. आजूक हसत्यात." ते स्वतःही थोडे हसले. "बरं. मग आता आसं करा. अकरा वर्सं मला दिवसाची लावा. तितंच, आतल्या आत. मी कुनाला बोलनार न्हाई, तुमी बी बोलू नका."

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. हेही पंधरा मिनिटांचे काम होते. एक ओळ काढायची, दुसरी घालायची. मनवाला संगमनेरला परत पाठवता आले असते, बाकीच्या तेरा फायली तिच्या साधनावर सोपवून ही एक माझ्याकडे ठेवता आली असती. कोणाला काही कळले नसते. फक्त मग ते यंत्र माझ्या मागच्या खोलीत आणखी अकरा वर्षे राहिले असते. मी तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा असतो.

"आता तसं करता येत नाही," मी म्हणालो.

"येत न्हाई का करायचं न्हाई?"

"करताच येऊ नये, अशी व्यवस्था करतोय. मलाही नाही, दुसऱ्या कोणालाही नाही. त्यासाठीच माझी भाची येऊन बसलीय."

गहिनीनाथांनी काडी थुंकली. "मग बैठकीत सांगा. समद्यांम्होरं. आमच्या सातबाऱ्याचं चावडीवाचन करत्यात तसं."

बारा तारखेला संस्थेच्या कार्यालयात आवर्तनाची बैठक भरली. चाळीसेक सभासद असतील. मी उभा राहिलो आणि त्याच क्रमाने पुन्हा सांगितले. लोक चिडतील, अपमान करतील, याची मी तयारी केली होती. मागच्या रांगेतून प्रश्न आला तो वेगळाच.

"म्हंजी पाळी बदलता येती व्हय?"

"येत होती. आता येणार नाही."

"तसं न्हवं सर. आमच्या म्हाताऱ्याचं मोतीबिंदूचं आपरेशन हाय. एकच टाइम. कुनाला कळायचं न्हाई."

"आरं, समदी हितंच बसल्यात, कळायचं कसं न्हाई?" दुसरा म्हणाला आणि लोक हसले. हसणे ओसरले तरी तिघे जण माझ्याकडे खुर्ची सरकवून आले. एकाच्या पायाला जखम होती. ती दाखवण्यासाठी त्याने धोतर वर केले.

मनवाने भिंतीवर पडदा लावून सगळे समजावून सांगितले. आता बांधणीची फाईल खुली आहे, मूळ मजकूर खुला आहे, कार्यालयातल्या संगणकावर सचिव अमृत बांधणी करील आणि संगमनेरात ती स्वतः करील. दोघांचे हॅश जुळले तर आत कोणी काही घातलेले नाही याची खात्री. सरांची गरज नाही, कोणाचीच नाही. तिने ते इतके स्पष्ट सांगितले की माझ्या वर्गात तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

अध्यक्ष सूर्यभान पाटील शांतपणे ऐकत होते. "ताई, तुमचं पटलं," ते म्हणाले. "पन ती चौसष्ट अक्षरं आमाला काय कळनार? आमाला नृसिंह सर कळत हुते. त्यांच्याकडनं ह्ये झालं. आता अक्षरांवर इस्वास ठेवायचा, तर ती अक्षरं तरी कोनाच्या तोंडून आयकायची?"

"कुणीही वाचू शकतं, काका. तोच तर मुद्दा आहे."

"सरांनी वाचावी," गहिनीनाथ म्हणाले. ते दाराशी उभे होते. "दर आवर्तनाला, पानी सुटायच्या आधी, हितं उभं ऱ्हाऊन. दोन्ही कंप्युटरची. ह्ये आवर्तन आन उन्हाळ्यातली तिनी. म्या अकरा वर्सं काडली. सरांनी जूनपातुर काडावं."

हे ठरावात येण्यासारखे नव्हते आणि मला कोणी भागही पाडू शकत नव्हते. मनवा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मामा, याची काही गरज नाहीये. व्हिडिओ कॉलवरसुद्धा वाचता येईल. तुम्ही अठराला जा."

तिचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या निर्दोष होते. मी गहिनीनाथांकडे पाहिले. ते माझ्या होकाराची वाट पाहत नव्हते. त्यांचे सांगून झाले होते, आता ते चपला शोधत होते.

"वाचीन," मी म्हणालो. "इथे येऊन."

घरी आल्यावर इंदूला मी काही सांगण्याआधीच मनवाने सांगितले होते. इंदूने बॅग उघडून माझे दोन्ही स्वेटर आणि मफलर बाहेर काढले आणि कपाटात ठेवले.

"रागावलीस?"

"तिकीट रद्द करायचं असतं ना, ते मोबाईलवरून होतं का, तेवढं मनवाला विचारा." तिने बॅगेची चेन ओढली, आता ती सहज लागली. मग पाठमोरी असतानाच म्हणाली, "अकरा वर्षं मला वाटत होतं, ते यंत्र जुनं आहे."

अठरा तारखेला मी तिला स्टेशनवर सोडले. बरणी तिने मांडीवर घेतली होती. खिडकीतून तिने औषधांचा डबा कुठे ठेवला आहे ते सांगितले आणि गाडी सुटल्यावर हात हलवला, तो मला की फलाटावरच्या आणखी कोणाला, ते मला नीट दिसले नाही. घरी येऊन मी मागच्या खोलीतले यंत्र बंद केले. त्याच्या पंख्याचा आवाज थांबल्यावर घर फार मोठे वाटले.

एकोणीस तारखेला सकाळी अकरा वाजता संस्थेच्या कार्यालयात पुन्हा माणसे जमली. रात्रीतून कालव्याला पाणी येणार होते. अमृतने बांधलेल्या फाईलीतून पाळीपत्रक छापून घेतले. ते आधी वाचायचे आणि मग हॅश, असे ठरले. मी वाचू लागलो. एकतीस, चांगुणाबाई, सकाळी अकरा ते दुपारी तीन. बत्तीस, तीन ते सात. तेहतीस, सात ते रात्री अकरा. पुढचे नाव मला दिसत होते. या आवर्तनात ओळ असती किंवा नसती, नियमाने जे यायचे तेच आले होते.

"चौतीस," मी वाचले, "गहिनीनाथ. रात्री अकरा ते पहाटे तीन."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. कोणीतरी हसू दाबले. गहिनीनाथांनी गुडघ्यावर कागद धरला होता, कानामागची पेन्सिल काढली.

"वाचा म्होरं," ते म्हणाले.

तक्ता संपला. मनवाने संगमनेरहून पाठवलेला हॅश माझ्या हातातल्या कागदावर होता. अमृतच्या पडद्यावर त्याने काढलेला. मी माझ्या कागदावरचा वाचायचा, अमृतने पडद्यावर बोट ठेवून जुळवायचा आणि गहिनीनाथांनी आपल्या कागदावर उतरवून घ्यायचा. इंग्रजी अक्षरे त्यांना लिहिता येत होती, पण सावकाश. मी एकेक अक्षर थांबून म्हणू लागलो. सात. ए. शून्य. तीन. एफ. एफ. नऊ. खिशातला मोबाईल थरथरला. बहुधा इंदू, भोपाळला पोचल्याचे कळवायला. तो मला काढता येत नव्हता. डी. दोन. आठ. लोक आधी कान देऊन ऐकत होते, मग एकेक जण जांभया देऊ लागला. मोबाईल थांबला. बी. चार. चार. एक. चाळीसच्या पुढे गेलो असेन, तेव्हा गहिनीनाथांनी पेन्सिल उचलली.

"थांबा," ते म्हणाले. "माझं एक ऱ्हायलं कुटंतरी. पयल्यापासनं घ्या."

मी कागदावर बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर आणले.

"सात," मी म्हणालो.